पार्सिंगच्या तुलनेत मराठी फाइलही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत माहितीच्या फाइली वाचणाऱ्या, म्हणजेच पार्सिंग करणाऱ्या, लायब्रऱ्यांच्या (तयार प्रोग्रॅम-संचांच्या) वेगाचा तक्ता हल्ली हमखास आढळतो. हे आकडे बहुधा इंटरनेटवरून उचललेले असतात, आणि ज्या फाइलींवर ते मोजले गेले त्या बहुतेक इंग्रजी मजकुराच्या असतात.

हा फरक किरकोळ नाही. यूटीएफ-८ या, संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह (अक्षर, काना किंवा मात्रा) तीन बाइट, म्हणजे साठवणुकीची तीन एकके, घेते. त्यामुळे रोमन लिपीत पाच बाइटांत मावणारे लातूरचे नाव देवनागरीत १५ बाइटांचे होते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची जेसॉन (माहिती मजकूररूपात साठवण्याचा एक साचा) लिहिणारी-वाचणारी मूळ लायब्ररी तर, वेगळी सूचना दिली नाही तर, असे प्रत्येक चिन्ह सहा बाइटांच्या सांकेतिक रूपात लिहिते, म्हणजे तेच नाव ३० बाइटांवर जाते. रस्ट या भाषेत लिहिलेली ऑर्जेसॉन ही लायब्ररी मात्र थेट यूटीएफ-८ लिहिते. अशा वेळी 'सेकंदाला किती मेगाबाइट' हे माप फसवे ठरते, कारण फाइल दुप्पट फुगली तरी तिच्यातील नोंदी तेवढ्याच राहतात. प्रोसेसरच्या एकाच आज्ञेत अनेक बाइट तपासणारी सिमडीजेसॉन ही लायब्ररी सेकंदाला गिगाबाइटच्या हिशेबात वाचते, हे कौतुकास्पद आहेच. पण निव्वळ रोमन मजकूर तपासताना तिला जी जवळची वाट मिळते, ती देवनागरीला मिळत नाही.

सीएसव्हीच्या, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या तक्त्याच्या फाइलीच्या, बाबतीत वेगापेक्षा अचूकतेचा प्रश्न मोठा आहे. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीत शून्याने सुरू होणारा बँक खाते क्रमांक असेल, तर पँडास ही पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी त्या रकान्याला संख्या समजून आरंभीचे शून्य गाळून टाकते. पावसाच्या नोंदी देवनागरी अंकांत असतील, तर ती तो रकाना मजकूर म्हणून ठेवते, आणि मग १२ व ८ मिलिमीटरची बेरीज २० न येता १२८ येते (दुष्काळी भागात एवढा पाऊस कोणाला नको आहे!). रकान्यांचे प्रकार आधीच नेमून दिले, तर खाते क्रमांक शाबूत राहतो आणि प्रकार ओळखण्याचा वेळही वाचतो. देवनागरी अंक मात्र वेगळे रूपांतरित करावे लागतात. पँडासच्या १.४ आवृत्तीपासून फाइल वाचण्यासाठी पायॲरो हे बहुसूत्री (एकाच वेळी अनेक कामे समांतर चालवणारे) इंजिन निवडता येते, परंतु सी भाषेतील मूळ इंजिनाचे सर्व पर्याय त्यात चालत नाहीत, याचा उल्लेख तक्त्यांत क्वचितच असतो.

म्हणून छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांना विनंती आहे की, प्रकल्प अहवालात अशी तुलना असल्यास संगणकाचा तपशील, लायब्ररीची आवृत्ती आणि निदान एका मराठी फाइलीवरील मोजमाप सक्तीचे करावे. सर्व लायब्रऱ्यांनी वाचलेल्या नोंदी परस्परांशी जुळल्या की नाही, याचा रकाना त्या तक्त्यात वेगाच्या आधी असावा.

आपला,
संगणकशास्त्राचा एक अध्यापक, परभणी