फरहात अब्बास ‘पहिले राष्ट्राध्यक्ष’ नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतील अल्जीरियावरच्या लेखात फरहात अब्बास यांच्या छायाचित्राखाली ‘देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष’ असे छापले आहे. इथे दोन पदांची सरमिसळ झाली आहे. १९ सप्टेंबर १९५८ रोजी कैरोत जाहीर झालेल्या हंगामी सरकारचे (फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांनी परदेशात स्थापलेल्या) ते पहिले अध्यक्ष होते. ऑगस्ट १९६१ मध्ये त्यांना बाजूला सारून त्या पदावर बेनखद्दा यांना आणले गेले. स्वातंत्र्यानंतर सप्टेंबर १९६२ मध्ये अब्बास अध्यक्ष झाले ते संविधान सभेचे. सरकार होते पंतप्रधान बेन बेला यांच्या हाती, आणि घटनेनुसार निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्षही तेच (१५ सप्टेंबर १९६३).

अब्बास यांचा राजीनामा लेखात ‘मतभेदांमुळे’ या एका शब्दात उरकला आहे. खरी गोष्ट तिथेच आहे. घटना तयार करणे हे सभेचे काम होते. मसुदा मात्र सत्ताधारी पक्ष एफएलएनच्या (राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या) पॉलिटब्युरोने, म्हणजे वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाने, केला आणि ३१ जुलै १९६३ रोजी अल्जीयर्सच्या माजेस्टिक सिनेमागृहात पक्षाच्या मंडळींपुढे मांडला. सभागृहाऐवजी सिनेमागृह! सभेपुढे तो आला तो शिक्का मारून घेण्यापुरता. ऑगस्टच्या मध्यात अब्बास यांनी अध्यक्षपद सोडले. पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. २८ ऑगस्टला सभेची मंजुरी, ८ सप्टेंबरला सार्वमत. कलम २३ ने एफएलएनला एकमेव पक्षाचे स्थान दिले, तर कलम ५९ ने संकटकाळी राष्ट्राध्यक्षाला असाधारण अधिकार. काबीली भागात बंडाळी होताच बेन बेला यांनी ३ ऑक्टोबरला कलम ५९ लावलेसुद्धा. सार्वमताला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

तरीही लेखकाने अब्बास यांना निव्वळ बळी ठरवले आहे, ते पटत नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात बेनखद्दांचे हंगामी सरकार आणि तलेम्सेन शहरात जमलेला विरोधी गट समोरासमोर आले, तेव्हा अब्बास तलेम्सेनकडे, म्हणजे बेन बेला आणि लष्करप्रमुख बूमेदियेनच्या सीमेवरील सैन्याकडे गेले. १९६१ मध्ये पद गेल्याचा सल मनात असावा. पुढे संविधान सभेच्या १९६ जागांसाठी एकच यादी मतदारांपुढे आली, तीही पॉलिटब्युरोने ठरवलेली. असे निवडलेले सभासद वर्षभराने पॉलिटब्युरोचाच मसुदा फेटाळतील, ही अपेक्षा संसदीय राजकारणात मुरलेल्या या माणसाने का धरली, हे कोडेच आहे.

आणखी एक दुरुस्ती. ‘१९६३ नंतर ते सेतिफला औषधांच्या दुकानात परतले’ हे बरोबर नाही. १९६४ मध्ये त्यांना अटक करून सहारातील अद्रार येथे ठेवले होते. जून १९६५ मध्ये सुटका झाली आणि लगेच १९ तारखेला बूमेदियेन यांनी सत्ता घेतली. मार्च १९७६ मध्ये बेनखद्दा (होय, तेच) आणि लाहौल व खैरेद्दीन या जुन्या नेत्यांसह त्यांनी बूमेदियेन यांच्या एकहाती कारभाराविरुद्ध आणि पश्चिम सहारावरून मोरोक्कोशी पेटलेल्या संघर्षाविरुद्ध निवेदनावर सही केली. वयाच्या ७६ व्या वर्षी पुन्हा नजरकैद नशिबी आली, ती १९७८ पर्यंत.

— एक वाचक, सातारा