मालपिघी डॉक्टर, तुमच्या काळ्या शाईबद्दल आभार

डॉ. मार्चेल्लो मालपिघी, मु. बोलोन्या, इटली यांस,

स. न. वि. वि.

आमच्याकडच्या मुलांना तुमचं नाव झुरळाच्या आकृतीत भेटतं. आतड्याला चिकटलेले पिवळट दोरे, त्या ‘मालपिघी नलिका’. तुम्ही त्या रेशमाच्या किड्यात पाहिल्यात आणि १६६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यावरचा तुमचा ग्रंथ छापला, एवढं मात्र मुलांच्या कानावर सहसा पडत नाही.

आभार आधी बेडकाच्या फुप्फुसाबद्दल. मेंढी, कुत्र्याचं फुप्फुस म्हणजे दाट स्पंज, त्यातून उजेडच जात नाही. बेडकाचं म्हणजे पातळ, पारदर्शक पिशवी. ती तुम्ही फुगलेली सुकवलीत, उजेडासमोर भिंगाखाली धरलीत आणि धमनी व शिरेच्या मधलं केशवाहिन्यांचं जाळं १६६१ साली सापडलं. हार्वेने १६२८ मध्ये, म्हणजे तुमच्या जन्मवर्षीच, रक्ताभिसरण मांडलं होतं; हा दुवा तेवढा त्याच्या हाती लागला नव्हता.

पण आम्हा स्लाइड करणाऱ्यांवर खरे उपकार १६६६ च्या मूत्रपिंडाचे. मद्यार्कात कालवलेला काळा रंग तुम्ही धमनीतून आत सोडलात आणि फांद्यांना सफरचंदं लगडावीत तसे गोळे दिसले. आज आम्ही पॅराफिनच्या (मेणाच्या) ठोकळ्यातून मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्राने पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढतो. माणसाचा असा एक गोळा, म्हणजे केशवाहिन्यांचा गुच्छ किंवा ग्लोमेरुलस, साधारण दोनशे मायक्रॉनचा, म्हणजे एका सफरचंदाच्या चाळीस चकत्या. आमच्या स्लाइडवर त्यातली एक चकती येते. देठ कुठे, फांदी कुठे, पत्ता नाही. अख्खं झाड बघायचं तर तुमचीच रीत धरावी लागते.

त्यातल्या खोडीही ठरलेल्या. धमनीत रक्ताची गुठळी राहिली की पुढचा भाग कोराच राहतो, म्हणून आधी सलाइनने धुवायचं, शिरेतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. हवेचा बुडबुडा गेला तरी तेच. आणि पिचकारी जोरात दाबली की केशवाहिन्यांचा गुच्छ फुटतो, रंग बाहेर सांडतो.

त्या गोळ्यांचा मूत्रनलिकेशी जोड असावा, असा तुमचा कयास होता. डोळ्यांनी दिसला नाही, तेव्हा तुम्ही तो कयास म्हणूनच लिहिलात. (गोळ्यांना ग्रंथी म्हणालात, तेवढं चुकलं.) १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमनने तो जोड दाखवला, आणि गंमत म्हणजे फुटलेल्या गुच्छानेही त्याला हात दिला: रंग भोवतीच्या पिशवीत सांडला आणि तिथून सरळ नलिकेत उतरला. आम्ही ज्याला बिघडलेलं इंजेक्शन म्हणून टाकून देतो, तेच!

१६८४ च्या आगीत तुमच्या घरातली सूक्ष्मदर्शकं आणि कागद जळाले, याची हळहळ आहे.

कळावे, लोभ असावा.

मायक्रोटोमच्या टेबलावरची मंडळी