टक्केवारीची मर्यादा श्रीमंत क्लबांच्याच पथ्यावर

महोदय,

खेळाडूंचे वेतन, ट्रान्सफरचा (दुसऱ्या क्लबकडून खेळाडू घेण्याचा) खर्च व एजंटांचे शुल्क मिळून क्लबच्या उत्पन्नाच्या 70 टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाचा नियम वरकरणी रास्त वाटला, तरी ज्याचे उत्पन्न मुळातच मोठे त्यालाच तो अधिक खर्चाची मुभा देतो. लेस्टर सिटी या क्लबने 2015-16 मध्ये प्रीमियर लीग ही इंग्लंडची अव्वल स्पर्धा जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचा मिडफिल्डर एन्गोलो कान्टे अधिक श्रीमंत चेल्सी क्लबकडे गेला. विजेत्या संघालाही आपला आधारस्तंभ राखता येत नसेल, तर इतरांची काय कथा! मग बरोबरी साधण्याच्या नादात लहान क्लब झेपणार नाही इतके वेतन देऊ लागतात. 1885 मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप ही इंग्लंडमधील मानाची स्पर्धा जिंकलेला बरी एफसी हा क्लब आर्थिक डबघाईमुळे ऑगस्ट 2019 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून बाहेर काढला गेला, त्यात पिढ्यान्‌पिढ्या सामन्यांना येणाऱ्या प्रेक्षकांचा कोणता दोष होता?

खेळाडूंना भरघोस वेतन मिळू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. इंग्लंडमध्ये 1961 मध्ये उठलेली आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा हा त्यांच्यावर अन्यायच होता. मात्र टक्केवारीच्या जोडीला सर्व क्लबांसाठी एकाच ठोस रकमेची मर्यादा आणि प्रक्षेपण हक्कांच्या पैशाचे खालच्या श्रेणींपर्यंत न्याय्य वाटप, या दोन्ही गोष्टी युएफा व राष्ट्रीय लीगांनी तातडीने ठरवायला हव्यात.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक