आधी बर्फाचे पाणी, मग रुग्णवाहिका

प्रति,
माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 6 आहे. या बलाच्या भरतीत 5 किलोमीटर धावावे लागते, म्हणून खानदेशातील असंख्य मुले वर्षभर रस्त्यांवर सराव करतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. मला मात्र जूनची भीती अधिक वाटते. पहिल्या सरींनंतर वातावरण निवल्यासारखे वाटते, पण हवा दमट झाल्याने घाम वाळत नाही आणि स्नायूंत निर्माण झालेली उष्णता अंगातच कोंडते.

अशाच एका जूनमध्ये, सकाळी आठच्या सुमारास, माझ्याकडे सराव करणारा मुलगा शेवटच्या फेरीत झोकांड्या खाऊ लागला आणि नाव विचारल्यावर भलतेच बोलू लागला. त्याचे अंग घामाने चिंब होते, म्हणून हा उष्माघात नसावा असे मी समजलो. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग कोरडे पडेलच असे नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. गाडी मिळवून तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. मुलगा वाचला, परंतु स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आला आणि त्याला डायलिसिस घ्यावे लागले. त्या पाऊण तासाचे दुःख मला आजही आहे.

शरीराच्या आतील तापमान 40 अंशांपुढे गेले आणि भान हरपले, तर पहिल्या अर्ध्या तासात ते उतरवणे हाच खरा उपचार आहे. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही. रुग्णाला मैदानावरच मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवावे, डोके धरून ठेवावे आणि तापमान उतरल्यावर दवाखान्यात न्यावे. 2024 मध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत 10 किलोमीटरच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले, तेव्हा हा प्रश्न केवळ आमच्या भागाचा नाही.

म्हणून प्रत्येक भरती मैदानावर पाण्याचा मोठा टब, बर्फाच्या लाद्या आणि आतील तापमान मोजू शकणारे प्रशिक्षित कर्मचारी असावेत, तसेच धावणे सूर्योदयालाच सुरू व्हावे. याहून मोठी विनंती अशी की, उष्म्यामुळे चाचणी सोडणाऱ्यास दुसरी तारीख द्यावी. वयोमर्यादा संपत आलेला, घरची दोन एकर कोरडवाहू असलेला मुलगा डोळ्यांपुढे अंधारी आली तरी थांबत नाही, कारण थांबला तर त्याची भरती तिथेच संपते.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, धुळे जिल्हा