बिनटाक्याची दुर्बीण आईसाठी आली, मुलासाठी कधी येणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली परिचारिका. नोकरीचा बराचसा काळ ऑपरेशन थिएटरात गेला, आणि त्यातला मोठा भाग कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत. शिबिराच्या दिवशी सकाळी जीप यायची, सर्जन उतरायचे, त्यांच्या मागोमाग दुर्बिणीची पेटी उतरायची. एका बाईचं आटोपलं की दुर्बीण औषधात बुडवायची आणि पुढची बाई टेबलावर घ्यायची. संध्याकाळी बायका आपापल्या पायांनी घरी जायच्या. 'बिनटाक्याची', म्हणजे पोटाला बारीक भोक पाडून दुर्बिणीने केलेली नसबंदी, हा शब्द कोकणातल्या अडाणी म्हातारीलाही कळतो, तो या शिबिरांमुळे. सरकारने मनावर घेतलं तर दुर्बीण डोंगरापलीकडच्या ग्रामीण रुग्णालयातही पोचते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच मुलांच्या अपेंडिक्सबद्दलचं हे गाऱ्हाणं आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वाडीतल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. एकदा ओकला, अंग कोमट. आजी म्हणाली, "काय नाय तां, वायगोळो आसतलो," आणि तिने एरंडेल पाजलं. लावणीचे दिवस, आईबाप चिखलात. तिसऱ्या दिवशी पोर वाकून चालायला लागलं तेव्हा त्याला आमच्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयात नेलं. सर्जन होते. पण लहान मुलाला पूर्ण भूल देणारं त्या रात्री कोणी नव्हतं. १०८ आली आणि मूल गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गेलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण त्या डॉक्टरांचा दोष नव्हता. हात बांधलेला माणूस काय करणार?

बांबोळीच्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं. अपेंडिक्स फुटलं होतं, पोटात पू पसरला होता. मोठा छेद, नळी, अकरा दिवस खाट. बापाची लावणी बुडाली. सिंधुदुर्गातलं पोर अडलं की आम्ही गोव्याच्या दारात उभे राहतो आणि ते आत घेतात. हे त्यांचे उपकार. पण आपल्या सरकारला याचं काहीच वाटू नये?

त्याच महिन्यात पुण्याला माझ्या भाचीच्या मुलीचं अपेंडिक्स काढलं. वय दहा. दुर्बिणीतून, पोटाला तीन बारीक भोकं पाडून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी, पुढच्या आठवड्यात शाळेत. तिच्या बापाच्या कंपनीचा विमा होता. एक मात्र कबूल करते. ती मुलगी पहिल्याच दिवशी डॉक्टरांपुढे गेली आणि हा तिसऱ्या दिवशी. अर्धा फरक तिथेच पडला. पण उरलेला अर्धा आपल्या खात्याचा आहे.

महोदय, ही शस्त्रक्रिया काही कालची नाही. १९८० साली जर्मनीत कील इथे कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून पहिल्यांदा अपेंडिक्स काढलं. ते होते स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यामुळे सर्जन मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. दहा वर्षांनी, १९९० मध्ये, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. कुठे? पंचतारांकित रुग्णालयात नव्हे, भायखळ्याच्या जे. जे.मध्ये. म्हणजे आपल्याच सरकारी रुग्णालयात. ज्याची रोजी हातावर आहे त्याला लवकर कामाला उभं करणारी शस्त्रक्रिया गरिबालाच आधी हवी, हे साधं गणित आहे. आज मात्र ती पैसेवाल्याची झाली आहे. गरिबाला छेद आणि टाके.

मुलांच्या बाबतीत तर ती आणखी सोपी करता येते. मुलाच्या पोटाची भिंत पातळ असते. त्यामुळे बेंबीतल्या एकाच भोकातून दुर्बीण घालून, अपेंडिक्स पकडून बेंबीवाटेच बाहेर ओढायचं आणि नेहमीच्या दोऱ्याने बांधून कापायचं, अशीही पद्धत आहे. महागडा स्टेपलर लागत नाही. फुटलेलं किंवा आत चिकटलेलं असेल तर आणखी भोकं पाडावी लागतात, क्वचित पोट उघडावंही लागतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वेळेवर पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया ही दोन दिवस उशिरा दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा केव्हाही बरी, असं मी तरी म्हणेन.

शिबिरातली दुर्बीण आणि ही दुर्बीण एक नाही, हे मला कळतं. तिथे गर्भनलिकेला रिंग चढवायची, जागा बधिर केली की बाईला हलकंसं गुंगीचं औषध पुरायचं. इथे मुलाला पूर्ण भूल, घशात नळी, पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू. तोही मोठ्या माणसापेक्षा कमी दाबाने, कारण पोट फुगलं की मुलाचा श्वास आवळतो. श्वासातला वायू मोजणारा मॉनिटर हवा, पाच मिलिमीटरची हत्यारं हवीत. म्हणून विनंती अशी की घाईने यंत्रं खरेदी करू नका. न उघडलेल्या पेट्यांवर बसलेली धूळ पुसण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. आधी भूलतज्ज्ञ द्या. जिल्हा रुग्णालयात चोवीस तास, आणि मुलांना भूल द्यायला न बिचकणारा. मग प्रत्येक जिल्ह्यातून एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ आणि एक थिएटर सिस्टर असे तिघे मिळून मुंबई-पुण्याच्या बालशल्यचिकित्सा विभागात शिकायला पाठवा. एकट्या सर्जनला पाठवू नका. तो शिकून येतो आणि इथे त्याच्या हातात हत्यार द्यायला कोणी नसतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, आणि महात्मा फुले योजनेत आता पाच लाखांचं संरक्षण आहे. चांगलं झालं. पण जे होतच नाही ते मोफत असून काय उपयोग?

आणखी एक काम आहे, त्याला पैसा जवळपास लागत नाही. आशाताईंच्या आणि अंगणवाडीच्या बैठकीत एवढंच सांगायचं: मुलाचं दुखणं बेंबीकडून उजवीकडे सरकलं, मूल जेवेना, उडी मारायला सांगितली तर मारेना, तर एरंडेल नको, गरम पाण्याची पिशवी नको, त्याच दिवशी डॉक्टर. पाच वर्षांखालच्या मुलाला तर नीट सांगताही येत नाही. निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक वेळा अपेंडिक्स फुटलेलं असतं.

तो मुलगा आता बरा आहे. परवा वहाळावर पोरं डुंबत होती, हा सदरा घालूनच पाण्यात उतरला. मी विचारलं नाही.

कळावे,

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग