तिसऱ्या बोल्टबद्दल आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही हात झटकून विषय बदलला असता, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. माझ्यासारखाच आणखी कोणी जाम बोल्टपुढे पान्याला लांब पाइप अडकवून उभा असेल, तर त्यानेही ते वाचावे.

माझ्या गाडीच्या थर्मोस्टॅटवरचे (इंजिनाचे तापमान राखणाऱ्या झडपेवरचे) ॲल्युमिनियमचे झाकण तीन बोल्टांवर बसलेले होते. दोन निघाले, तिसऱ्यावर मी बारा कोनांचा रिंग पाना इतक्या वेळा घसरवला की डोक्याचे कोपरे झिजून ते जवळजवळ गोल झाले. तुम्ही आलात तेव्हा मी पाइप शोधत होतो. तुम्ही माझ्या हातातला पाना काढून घेतला नाहीत, एवढेच विचारलेत, "आणि तुटला तर?"

मी धरून चाललो होतो की आटे गंजले आहेत. तुम्ही मला झाकणाच्या कडेची पांढरी भुकटी दाखवलीत. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, झिरपून पोलादी बोल्टाला लागून असलेले ॲल्युमिनियम कुजले होते आणि त्या भुकटीने बोल्टाचा बिनआट्याचा भाग झाकणाच्या भोकातच आवळून धरला होता. म्हणजे आट्यांचा फारसा दोष नव्हताच, आणि डोक्यावर कितीही जोर लावला असता तरी मान मोडण्याखेरीज काही घडले नसते. मी आणलेला इझी-आउटही (बोल्टात भोक पाडून, त्यात रुतवून बोल्ट उलटा फिरवून काढायचे हत्यार) तुम्ही बाजूला ठेवायला लावलात, कारण तो कडक पण ठिसूळ असतो आणि भोकात तुटला तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही.

मग गंज सोडवणारे तेल, डोक्याला आणि झाकणाला हलके ठोके, पुन्हा तेल, आणि रात्रभर काहीही न करणे. यातले शेवटचे काम मला सर्वांत जड गेले, हे कबूल करतो.

सकाळी तुम्ही आधी सगळे तेल पुसून घ्यायला सांगितलेत. शेजारी रबरी नळ्या आणि पेट्रोलची लाइन असल्यामुळे ज्योत वापरू दिली नाहीत आणि हॉट एअर गनने झाकण तापवायला लावलेत. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावत असल्याने भोक बोल्टापेक्षा जास्त सैलावते. तेरा मिलिमीटरच्या झिजलेल्या डोक्यावर तुमची बाराची सहा कोनांची गोटी (सॉकेट) हातोडीने ठोकून बसवली, आणि मी पाना उलटा फिरवणार इतक्यात तुम्ही म्हणालात, "आधी किंचित आवळ." मला ते उफराटे वाटले, पण आवळतानाच बारीकसा 'टक्' असा आवाज आला आणि पकड तुटली. त्यानंतर थोडे सोडायचे, थोडे परत आवळायचे, तेलाचा थेंब टाकायचा, असे करत जवळजवळ अर्धा तास गेला.

त्या अर्ध्या तासात तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी कोणत्याही पुस्तकी माहितीपेक्षा मोलाची मानतो. पाना कर्र कर्र करत फिरत असेल तर बोल्ट सरकतो आहे, त्याला तेल द्यावे. पण आवाज न होता पाना रबरासारखा मऊ लागू लागला तर बोल्ट पिळला जात आहे, तिथेच हात थांबवावा. एकदा तसे जाणवले, मी थांबलो, पुन्हा तापवले, आणि तो शाबूत निघाला.

खरी लाज पुढे होती. सहज निघालेल्या दोघांपैकी एकाच्या भोकातले आटे बोल्टाबरोबर चकत्यांसारखे बाहेर आले होते. तो बोल्ट मीच पूर्वी अंदाजाने करकचून आवळलेला होता, आणि तुम्हाला ते लगेच कळले असणार, पण तुम्ही काही बोलला नाहीत. भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडून हेलिकॉइलची पोलादी तारेची गुंडाळी बसवायलाही तुम्ही मलाच लावलेत, आणि कीस आत पडू नये म्हणून ड्रिलला ग्रीस फासण्याची आठवण तेवढी केलीत. या वेळी तिन्ही बोल्ट मी टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार आवळले आहेत.

तुमची बाराची गोटी अद्याप माझ्याकडेच आहे. तो गोल डोक्याचा बोल्ट तिच्यात असा रुतला आहे की पंचाने ठोकूनही निघालेला नाही. तेलात घालून ठेवला आहे, निघाला की आणून देतो.

आपला कृतज्ञ,
शेजारी