ट्यूब परत ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्या मेडिकलवाल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

समोर आले की तुम्ही बोलूच देत नाही. "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेता. म्हणून लिहिते आहे. चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आई आज चालती-बोलती आहे ती तुमच्यामुळे, आणि हे पंचवटीतल्या आपल्या गल्लीबाहेरही कळायला हवं.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे तोंड आल्यावर लावायचं जेल मागितलं होतं. दुकानात गर्दी होती. तुम्ही ट्यूब काढून काउंटरवर ठेवलीही होती. पैसे घेऊन मला वाटेला लावलं असतं तर कुणी तुम्हाला बोल लावला नसता. पण तुम्ही विचारलंत, "कुणाला आलंय तोंड?" आईला, म्हटलं. "आजींना सध्या काय काय चालू आहे?" मी पर्समधली गोळ्यांची पिशवी पुढे केली. एक स्ट्रिप तुम्ही उजेडात धरलीत, मागचा कागद उलटसुलट पाहिलात आणि काही न बोलता ट्यूब परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिलीत.

ती गोळी मेथोट्रेक्सेटची होती. संधिवातावर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हे आता मला झोपेतही सांगता येईल. मोठ्या मात्रेत कॅन्सरवर वापरलं जाणारं औषध आहे ते. रोज पोटात गेलं तर शरीरात रक्त तयार होणंच मंदावतं, पांढऱ्या पेशी उतरतात आणि आतून काही बिघडतंय हे बऱ्याचदा आधी तोंडातल्या फोडांवरून कळतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी कागदावर घाईघाईत काही अक्षरं ओढली होती. तिथल्याच औषधांच्या खिडकीवर पाकिटावर पेनने खूण झाली, रोज सकाळी एक. ना कुणी समजावलं, ना कुणी विचारलं. तोंड आल्यावर मी तिथे फोन केला, तर "उष्णता असेल, पुढच्या तारखेला दाखवा" एवढंच उत्तर मिळालं. संगमरवरी फरशा, एसी, नंबर पुकारणारं यंत्र, सगळं होतं तिथे. आईच्या तोंडाकडे बघायला तेवढा एक माणूस नव्हता.

आणि तुम्ही काय केलंत? काउंटरची फळी उचललीत आणि बाहेर आलात. आई गुडघ्यांमुळे पायऱ्या चढत नाही, ती खाली ओट्यावर टेकली होती, पदर तोंडाशी धरून. तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसलात. तुमचेही गुडघे आता दुखतात, काकू सांगत होत्या. मोबाइलची बॅटरी लावलीत आणि म्हणालात, "आजी, जरा आ करा बरं. जेवण जातंय का?"

काका, जेवण जातंय का, हे तिला तोवर कुणीही विचारलं नव्हतं. आई कितीतरी दिवस गार ताकभातावर होती आणि तोही गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. सोशिक बाई आहे, तक्रार करायची नाही हा तिचा जन्माचा नेम. तुमच्यापुढे मात्र तिने पदर बाजूला केला आणि सगळं सांगितलं. तिला भीती वाटू नये म्हणून तुम्ही आवाजही चढू दिला नाहीत. "ही गोळी जरा जोरकस आहे आजी, तिला सुट्टी देऊया. आणि आजच्या आज रक्त तपासून घेऊ." तिला एवढंच. मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलंत, तेही एका दमात, माझा हात धरून, "घाबरू नका, पण उद्यावर टाकू नका."

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. पेशी फार खाली गेल्या होत्या, आईला दाखल करावं लागलं, उतारा म्हणून दुसरं औषध सलाइनमधून गेलं आणि ती घरी आली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, आमच्या मेडिकलवाल्या काकांच्या. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा." तो नमस्कार या पत्रातून पोचवते आहे.

दुकानात तुमच्या डोक्यामागे ते नोंदणीचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं ना, काच जरा धुरकटलेली, ते मी लहानपणापासून बघत आले. त्याचा अर्थ आता कळला. कितीतरी दुकानांत भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र असतं आणि गोळ्या देणारा भलताच कुणी असतो, हे कुणापासून लपलेलं नाही. फार्मसीचा कायदा १९४८ पासून आहे, पण कायद्याने माणूस काउंटरबाहेर येत नाही. ते घरातून यावं लागतं. तुमच्या वडिलांनी हे दुकान सुरू केलं तेव्हा ते म्हणे रात्री-अपरात्री कडी वाजली तरी उठायचे. तुम्हीही उठता. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या तुमच्या आईचं दुपारचं जेवण तुम्ही स्वतः भरवता, तेवढा अर्धा तास काकू गल्ल्यावर बसतात, आणि गोळ्यांची चिठ्ठी कुणी आणली तर "ते येतील, थांबा" असं सांगून गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतात. स्वतः देत नाहीत. घाईतली माणसं निघून जातात, धंदा जातो. तुम्हाला त्याचं काही वाटत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदामाईला पूर आला, नदीकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला आणि पाणी वर सरकायला लागलं तेव्हा काठावरचे दुकानदार आपापला माल हलवत होते. तुम्ही आधी इन्सुलिन हलवलंत. वीज गेली होती आणि ते दोन ते आठ अंश तापमानातच ठेवावं लागतं, म्हणून बर्फाच्या डब्यात घालून सिडकोत बहिणीच्या फ्रिजला नेऊन ठेवलंत. खोकी, पावडरचे डबे भिजले ते भिजले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या साखरवाल्या म्हाताऱ्यांना त्यांचं इन्सुलिन घरपोच मिळालं. २०१५ च्या कुंभमेळ्यात परराज्यातले यात्रेकरू रिकामी पाकिटं घेऊन यायचे, आपल्याकडे ती कंपनी मिळायची नाही, तुम्ही त्यातला घटक वाचून, त्यांच्या गावच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून मगच गोळी द्यायचात. आणि निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकहून येते तेव्हा वारकऱ्यांच्या पायांच्या फोडांना मलम लावायला तुम्ही दुकान सोडून रस्त्यावर असता. हे मी दरवर्षी बघत होते. तीच नजर एक दिवस माझ्या आईकडे वळेल, हे कुठे माहीत होतं?

लोक म्हणतात मोबाइलवर औषध वीस टक्क्यांनी स्वस्त पडतं. पडत असेल. ज्याला परवडत नाही त्याने जरूर घ्यावं, तुम्ही स्वतःच कितीतरी जणांना जनऔषधी केंद्राचा रस्ता दाखवता. पण ट्यूब परत ठेवून "आधी आजींना बघू" म्हणणारा माणूस त्या खोक्यातून येत नाही.

आईची गोळी आता पुन्हा सुरू झाली आहे, नव्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्ततपासणीसह. महिन्याच्या मोजक्याच गोळ्या तुम्ही कापून देता आणि पाकिटावर जाड मार्करने लिहिता, "फक्त गुरुवारी". आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण तुमचं अक्षर येतं. बुधवारी रात्रीच ती मला बजावते, उद्या काकांची गोळी.

तुमची मुलगी आता डी. फार्मला आहे असं कळलं. तिचा निकाल लागला की आई पुरणपोळ्या करणार आहे, बोटं साथ देताहेत तोवर स्वतःच लाटायच्या म्हणते. तुमच्या आईंसाठी मऊ, दुधात कुस्करता येतील अशा वेगळ्या. तेव्हा मात्र "त्यात काय एवढं" म्हणून डबा परत पाठवू नका.

तुमची,
शेजारच्या गल्लीतल्या आजींची लेक